समोरचीचा मोगरा

आमच्या लाईनीत झाडं मागायची पद्धत नव्हती. चोरायची होती.

हे वाचून कोणाला आम्ही चोरटे लोक वाटलो तर खुशाल वाटू दे. पुलगावच्या मिलच्या लाईनीत, म्हणजे कामगारांच्या एकाला एक चिकटलेल्या क्वार्टरांत, सगळ्या बायांची एकच समजूत होती. मागून आणलेलं रोप लागत नाही. कोणी आपल्या हाताने दिलेलं तर मुळीच लागत नाही. चोरून आणलेलं मात्र दगडातही फुटतं. त्यामुळे सकाळचा भोंगा झाला, पुरुष कामावर गेले, की कोणाच्या ना कोणाच्या मागच्या दारी पदराआड खुरपं घेऊन कोणीतरी शिरलेलं असायचंच. मग बोंबाबोंब. जिची फांदी गेली तिने ओरडायचं, जिने नेली तिने कानावर हात ठेवायचे, आणि संध्याकाळी दोघींनी एकाच नळावर हंडा लावायचा. सत्तरनंतरची दहाबारा वर्षं मी या धंद्यात काढली आणि मला त्याचं काही वाटत नाही.

माझी बाग म्हणजे काय, तर मोरीचं पाणी जिथवर जायचं तिथवरची पट्टी. लिंबू, गोडलिंब म्हणजे कढीपत्ता, देशी गुलाब, अबोली, पांढरी जास्वंद. माती मी स्वतः नदीकाठून पाट्यांनी आणलेली, कारण क्वार्टरच्या मागे नुसता मुरूम होता. पण खरा जीव मोगऱ्यात. बटमोगरा, टपोऱ्या गोल कळीचा. चैत्रात फुलायला लागला की अख्ख्या लाईनीला कळायचं.

तो माझ्या माहेरचा. माहेर म्हणजे आर्वीकडचं खेडं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला गेले होते, परत निघायच्या दिवशी आईला म्हणाले, "माय, मी मोगरा नेतो." (आमच्याकडे बायाही 'नेतो, जातो'च म्हणतात.) आई दारात डाळ निवडत बसली होती. ती एकदम उसळली, "मांगू नको वं! मले काही ऐकू आलं नाई!" आणि सूप उचलून, पाठ माझ्याकडे करून बसली. मी आपली कोपऱ्यात जाऊन मुळासकट एक फुटवा काढला, ओल्या फडक्यात गुंडाळला, पिशवीत घातला. आईची मान काही वळली नाही. डाळ केव्हाचीच निवडून झाली होती, तरी ती सूप पाखडत राहिली. मी पिशवी उचलल्यावर मात्र तिला राहवलं नाही. तशीच पाठमोरी म्हणाली, "मूळ आलं काय संगं?"

अशी माझी आई. पुढे ती गेली, भावांची वाटणी झाली, आणि त्या कोपऱ्यात धाकट्या भावाने गोठा बांधला. म्हणजे आईच्या हातची म्हणावी अशी एकच जिवंत गोष्ट उरली होती, आणि ती माझ्या मोरीपाशी होती.

आता समोरचीबद्दल सांगते. समोरच्या क्वार्टरमधली ही बाई माझ्याच वयाची, अंगाने काटकुळी आणि तोंडाने फटकळ. तिचं नि माझं एक दिवस पटलं नाही आणि एकमेकींशिवाय एक दिवस गेलाही नाही. तिने माझा मोगरा चोरला होता. मी तिला रंगेहाथ पकडलं, फुटव्याची पानं पदराबाहेर लोंबत होती, तरी म्हणते कशी, "कायचा मोगरा? हा तर मी बाजारातून सांबार आणला!" कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी पंधरवडाभर तिच्याशी बोलले नाही. तिने तो रॉकेलच्या फुटक्या डब्यात लावला आणि नळावर मुद्दाम माझ्या बाजूला उभी राहून मोठ्याने सांगायची, "माह्या मोगऱ्याले आज तीन कळ्या आल्या बापा!" लाईनीतल्या आणखी दोघीतिघींनी चोरला होता, पण त्यांच्याकडे जगला नाही. चोरलं म्हणून काय झालं, पाणी तर घालावं लागतं ना!

ऐंशीच्या पुढे कधीतरी आमचं स्वतःचं घर झालं, नाचणगावला, सासऱ्यांच्या वाट्याच्या जागेत. पुलगावला लागूनच गाव. मिलचा भोंगा तिथूनही ऐकू यायचा. घर कसलं, दोन खोल्या आणि पडवी, पण भोवती अंगण चांगलं मोठं. आमचे हे मिलमध्ये फिटर. त्यांनी घरभरणीला अक्षय तृतीया धरली. मुहूर्त उत्तम, पण वैशाख! आमच्याकडचा वैशाख म्हणजे दुपारी कावळाही सावली सोडत नाही. मी म्हटलं, "अजी, माणसं न्या. झाडं पावसाळ्यात नेऊ." तर क्वार्टर दुसऱ्याच्या नावावर झालेलं, महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं.

"मंग इथंच राहू दे," हे म्हणाले. "तिकडं नवीन लावू."

"मंग मीही इथंच राह्यतो," मी म्हटलं.

त्यावर ते उठले आणि गाडीवाल्याकडे गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, माझा कोणता शब्द रिकामा आणि कोणता भरलेला हे त्यांना कळत होतं.

आदल्या दिवशी सगळ्या झाडांना पोटभर पाणी पाजून ठेवलं. संध्याकाळी झाडांना हात लावत नाहीत, म्हणून सकाळी भोंग्याच्या आधीच खणायला घेतलं. मोगरा मी कोणाला खणू दिला नाही. हातभर लांबून चर मारला, हळूहळू आत आले, मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू न देता ओल्या बारदानात घट्ट बांधला. दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, केल्या होत्या. एकीत संसार, दुसरीत झाडं. बंडीवाला म्हणाला, "बाई, लोकं सोनंनाणं नेतात, तुमी पालापाचोळा नेऊन राह्यले." त्याला मी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

समोरची आपल्या दारात हाताची घडी घालून उभी होती. मदतीला आली नाही. "ने, सगळं ने," म्हणाली. "माती बी ने."

मी मातीही नेली. दोन पोती भरून. तिच्या नाकावर टिच्चून.

नाचणगावला पोचलो तर हे अंगणात कंबरेवर हात ठेवून उभे, चेहरा असा की लॉटरी लागली. प्रत्येक झाडासाठी खड्डा तयार, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी मिलमधल्या वेस्टचा, म्हणजे सुताच्या यंत्रातून खाली पडणाऱ्या उरल्यासुरल्या कापसाचा, वीतभर जाड थर. भिजवून, दाबून बसवलेला. "उन्हाळा हाये," म्हणाले. "काळ्या मातीले भेगा पडतात, पाणी खाली निघून जाते. कापूस पाणी धरून ठेवन. मुळं कशी गादीवर झोपतीन."

मिलमधल्या माणसाला जगातल्या प्रत्येक दुखण्यावर कापूस सुचतो. कान दुखला कापूस, दार खडखडलं कापूस, उशी, गादी, बाहुली, सगळं त्या वेस्टचंच. पण खरं सांगते, मला त्या दिवशी ते फार आवडलं. सुट्टीच्या दिवशी सायकलवर कापसाची पोती लादून, उन्हात एकटे खड्डे खणत बसलेले ते माझ्या डोळ्यांसमोर आले. मी म्हटलंही, "कधी नाई थे डोकं चाललं तुमचं." ते लहान पोरासारखे हसले. आम्ही दोघांनी मिळून मोगरा खाली उतरवला. मी माझी पुलगावची माती वरून घातली, आळं केलं, सावलीसाठी तुराट्या रोवून वर पोतं टाकलं.

पहिले काही दिवस सगळं झकास. पाणी खरंच टिकायचं. जास्वंदीला तर नवी पालवी आली. शेजारपाजारच्या बाया पाहून जायच्या, मी फुगून बसायचे. मग एका सकाळी गुलाब मान टाकून बसला. मी म्हटलं ऊन लागलं असेल. पाणी वाढवलं. दुसऱ्या दिवशी वाळकं पान काढायला हात लावला तर अख्खं झाडच हातात आलं. मुळं नव्हतीच. खड्ड्यात पाहिलं आणि मायवं, माझ्या अंगावर काटा आला. त्या पांढऱ्या कापसात पांढरी वळवळ. वाळवी! आमच्याकडे उदई म्हणतात. उन्हाळ्यात भुकेली असते, लाकूड शोधत फिरते. तिला आम्ही ओल्या, गार, मऊ कापसाची पंगत वाढली होती आणि वर तोंडी लावायला मुळं ठेवली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मग आम्ही वेड्यासारखे खणत सुटलो. राख टाकली, हळद टाकली, कोणी सांगितली ती पावडर टाकली, कापूस ओंजळी ओंजळीने उपसला. अबोली गेली. जास्वंद गेली. गोडलिंब तेवढा वाचला, त्याच्या चिवटपणाला माझा नमस्कार. मोगरा शेवटपर्यंत तग धरून होता. त्याला एक कळीही आली. ती कळी पाहून मी यांना त्या दिवशी भाकरीवर तूप जास्त वाढलं. दोन दिवसांनी ती कळी न उमलताच तपकिरी झाली, आणि बुंध्यावर मातीची बारीक रेघ वर चढताना दिसली. मृग लागेपर्यंत मोगऱ्याची नुसती काडी उरली होती.

यांना मी म्हटलं, "तुमी माह्या मायले दुसऱ्यांदा मारलं."

ते डबा न घेता कामावर गेले. शब्द कठोर होता, पण त्या वेळी मला तसंच वाटत होतं, मग दुसरं काय बोलायचं? कितीतरी दिवस आमच्या घरात 'जेवा' आणि 'झालं' एवढंच बोलणं होतं. एकदा ते म्हणाले, "वर्ध्याहून नर्सरीतला आणू काय?" मी नुसतं पाहिलं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. पण एका रविवारी बाभळीच्या काट्या आणून त्यांनी अंगणाला पक्कं कुंपण घातलं, आणि मोगऱ्याच्या रिकाम्या जागेची माती खोलवर खणून, ऊन दाखवून, चाळून परत भरली. त्या जागी त्यांनी काही लावलं नाही. मीही नाही.

पाऊस चांगला लागल्यावर मी उठले आणि पुलगावला समोरचीकडे गेले. पिशवीत खुरपं होतं. ते कशाला होतं हे मला ठाऊक होतं, पण ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड. तिला सांगितलं, "इकडून चालली होती, म्हटलं पाहून येऊ जिवंत हाये का मेली."

"तुह्याआधी नाई मरत," ती म्हणाली आणि चहा ठेवला.

चहा पिताना तिने सगळं पाहिलं. माझं तोंड, माझी पिशवी, माझे डोळे कुठे जातात ते. बातमी तिला आधीच लागली असणार, फिटरच्या झाडांना वाळवी लागली हे मिलभर झालं होतं. कपबशा विसळल्या, हंडा घेतला. "मी नळावर जातो," म्हणाली. "लय गर्दी असते, वेळ लागन." नळावर त्या वेळी चिटपाखरूही नव्हतं, मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

मी मागच्या दारी गेले. रॉकेलचा तोच डबा, आता गंजलेला. पण मोगऱ्याची दशा पाहवेना. कोणाची तरी शेळी शिरली होती. सगळं खाऊन दोन काड्या उरल्या होत्या, एकीवर चार पानं आणि दुसरीवर पाच. एवढाच. आईच्या कोपऱ्यातून निघालेला तो मोगरा आता जगात एवढाच उरला होता. मी खुरपं काढलं आणि कोणती काडी न्यावी ते पाहत बसले. एक नेली तर तिच्याकडे एक राहते, माझी लागली नाही आणि तिची शेळीने खाल्ली की संपलं. हात काही पुढे होईना. तिथेच बसून मी रडायला लागले, चांगली हुंदके देऊन. आई गेली तेव्हा लोक होते, करायचं-धरायचं होतं, तेव्हाचं सगळं रडणं राहून गेलं होतं की काय कोण जाणे.

ती परत आली. हंडा रिकामाच.

"नेला काय?"

"नाई."

"इतका वेळ देला तुले! काय करून राह्यली होती?" ती खरोखरच चिडली होती.

"मले चोरता नाई येत आज," मी म्हटलं. "मांगतो. मले माह्या मायचा मोगरा दे."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मागे सरली. "मी नाई देत," म्हणाली. "माह्या हातानं देला अन् मेला तर? तुह्या मायचा तळतळाट मले लागन. मी नाई देत."

मला इतका राग आला! खुरपं पिशवीत कोंबलं आणि न सांगता निघाले. नाचणगावपर्यंत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आले.

चारपाच दिवस गेले असतील. भुरभुर पाऊस होता. फाटकापाशी कोणी ओरडलं. पाहते तर समोरची, कंबरेवर रॉकेलचा डबा, डोक्यावर पोत्याची खोळ. मला बाजूला सारून ती सरळ अंगणात शिरली. कुंपण हाताने हलवून पाहिलं. "शेळी येत नाई ना?" विचारलं. मग यांनी चाळून ठेवलेल्या त्या जागेपाशी बसली, मूठभर माती नाकापाशी नेली, "कापूस तं नाई ना खाली?" म्हणाली. हे पडवीत होते, त्यांनी मान खाली घालूनच हलवली. मी पुढे झाले तर माझ्या हातावर फटका मारला. "हात नको लावू! हा माहा मोगरा हाये."

तिने एकटीने खड्डा केला, डबा फाडून काढला, दोन्ही काड्यांसकट गड्डा आत बसवला, माती दाबली. उठून पदराला हात पुसले आणि मला बजावलं, "ऐक. हा मी तुले देला नाई. तू चोरला नाई. माह्याकडं शेळ्या येतात म्हणून तुह्यापाशी ठेवला. माहा हाये, समजलं? पाणी टाकत जाजो. मी येऊन पाह्यतो."

असं कधी ऐकलंय कोणी? पण मोगरा जगला. पुढच्या चैत्रात कळ्या धरल्या. त्या दिवशी मी ओंजळभर कळ्या यांच्या पुढ्यात ठेवल्या, आणि ते म्हणाले, "मायचा वास आला घरात." घरातला अबोला त्या दिवशी खऱ्या अर्थाने सुटला.

आणि ती यायची. महिन्या-दोन महिन्यांनी हजर. आपला मोगरा तपासायची, फांद्या छाटायची, आळं चुकलं म्हणून मला बोलायची, न विचारता पदरभर कळ्या तोडून न्यायची. तिच्याच मालकीच्या, मी काय बोलणार! मग चहा, मग लाईनीतल्या बातम्या, मग भांडण, आणि "येतो वं" म्हणून निघून जायची. नव्या गावात माझा जीव रमला तो तिच्या त्या फेऱ्यांमुळे.

ऐंशीचं दशक सरत आलं तसा तिच्या नवऱ्याचा मिलमधला शेवटचा हिशेब होऊन नोकरी संपली. मोठा मुलगा भिलाईकडे नोकरीला होता, त्याच्याकडे कायमचं जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ती आली. मोगरा तेव्हा कमरेएवढा झाला होता. बाजूला बसून तिने वाळकी पानं काढली, बराच वेळ काढत राहिली. मग म्हणाली, "पाह्य वं, आता माह्यानं येणं नाई होत. लय दूर हाये थे. तं हा मोगरा आता तुले..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"देऊ नको," मी म्हटलं. "बोलूच नको तसं. तुहाच राहू दे. माह्यापाशी ठेवला हाये फक्त. तू पाह्याले येजो."

तिने माझा हात काढला नाही. तसाच तोंडावर धरून ठेवला. मग डोळे पुसले, आणि नेहमीसारखं म्हणाली, "येतो वं."

आली नाही. भिलाई काही जवळ नाही, आणि आम्हा दोघींनाही पत्रं लिहायचा कंटाळा. ती आहे की नाही हेही मला माहीत नाही. मोगरा आता इतका पसरलाय की सून म्हणते, आई, थोडा काढून टाकू. गल्लीतल्या बाया पोरींसाठी रोप मागतात. मी सांगते, माझा नाही, मला देता येत नाही, जिचा आहे ती आल्यावर तिला विचारा. बाया हसतात, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतात. म्हणू देत. आईचा मोगरा मी उद्याही माझा म्हणू शकते, मला अडवायला आहे कोण? पण तो माझा म्हटला, की समोरची आता येत नाही हे मी कबूल केल्यासारखं होईल. ते माझ्याने होत नाही.